ज्यांना ओळख दाखवता येत नाही

देहूरोडच्या पोरांना डेपो माहीत असतो, फॅक्टरी माहीत असते आणि भरती माहीत असते. माझे आजोबा ऑर्डनन्स डेपोत मजूर म्हणून लागले, वडील तिथेच चिकटले, भाऊ फॅक्टरीत अप्रेंटिस झाला. पब्लिक हेल्थ नावाचा एक पेशा असतो, त्यात जगभर जागा निघतात, परिषदा भरतात आणि तिथे जायला ऐपत नसलेल्यांसाठी शिष्यवृत्त्याही असतात, हे आमच्या आळीत कोणाच्या कानावरून गेलेलं नव्हतं. वास्तविक हे जग आमच्यापासून लोकलच्या तिसऱ्या स्टेशनावर येऊन बसलेलं होतं. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, देशाला पेनिसिलिन देशातच मिळावं म्हणून. पण आमच्या लेखी ‘एच.ए.’ म्हणजे कॉलनी, शाळा आणि बसचा थांबा.

त्याच १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. आजोबा त्या गर्दीत होते. दर २५ डिसेंबरला विहारात जाऊन आलं की ते आम्हा नातवंडांना सांगायचे, बडोद्याच्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात जाता आलं. त्यामुळे शिष्यवृत्तीला आमच्या घरात मान होता. फक्त ती मागायची कुठे, अर्ज कोणत्या तारखेच्या आत जायला हवा, सोबत काय जोडायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. तसं सांगणारं माणूस मला भोसरीत भेटलं.

कर्वे समाज सेवा संस्थेतून एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी भोसरी एम.आय.डी.सी.तल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत एका प्रकल्पावर लागले. संस्था १९९२ ची. सगळे तिला ‘नारी’ म्हणत. नोकरी कंत्राटी, काम फिल्डवरचं. देहूरोडहून निगडी, निगडीहून भोसरी, आणि तिथून दिवसभर काळेवाडी, चिखली, तळवडे, दापोडी असं फिरायचं. ज्यांनी अभ्यासात भाग घेतलाय त्यांना तारखेची आठवण करून द्यायची, येत नसतील तर का येत नाहीत ते बघायचं, घराबाहेर गाडी उभी करायची नाही, शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘बचतगटाची आहे’ म्हणायचं.

ताई तिथल्या काउन्सेलर. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून ताईच. त्यांची घडण वढू बुद्रुकची. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या त्या भागात ग्रामीण आरोग्याचं काम मांडलं आणि गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावलं. १९९३ साली कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ताई त्या कामात उमेदवारी करून आलेल्या. तिथे परदेशी पाहुण्यांचा राबता असे, आणि पाहुण्यांना वस्ती दाखवायला ताईंना पाठवत. पाहुणे निघताना आपलं कार्ड साहेबांच्या हातात देतात, पुढे बोलावणं येतं ते त्या हातालाच, हे त्यांनी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. मनाला लावून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. भोसरीला आल्यावर त्यांनी एक फाईल सुरू केली.

जाड पुठ्ठ्याची, नाडी बांधायची साधी ऑफिसची फाईल. आत फेलोशिपच्या जाहिराती, परिषदांची पत्रकं, कोणाच्या तरी ई-मेलची प्रिंट, कोणी टाकून दिलेल्या मासिकातलं पान. प्रत्येक कागदावर लाल बॉलपेनने शेवटची तारीख. खाली पेन्सिलीने एखादं नाव. अमक्या कोर्सला लॅबमधला तंत्रज्ञ, तमक्या कार्यशाळेला डाटा एन्ट्रीचा मुलगा, नर्सिंगच्या प्रशिक्षणाला अमकी सिस्टर. नाव पेन्सिलीने का, तर माणूस नाही म्हणाला की खोडून दुसरं लिहिता यावं. दुपारी डबा झाला की त्या तो कागद घेऊन त्या माणसापुढे बसत. “हे वाच. तुला जमेल. सीव्ही कुठाय?” एवढंच.

जाहिरात सगळ्यांसाठी खुली असते, हे कागदावर खरं आहे. पण ती इंग्रजीत असते, मोठ्या माणसांच्या मेलबॉक्समध्ये येते, आणि ती वाचून ‘हे माझ्यासाठी आहे’ असं वाटायला आधी तसं कोणीतरी म्हणावं लागतं. मी नंतर पुष्कळ देशांतल्या सहकाऱ्यांना विचारलं की तुम्ही या क्षेत्रात कसे आलात. गुणवत्तेबद्दल ते शेवटी बोलले. आधी सगळ्यांनी एखाद्या माणसाचं नाव घेतलं. या बाबतीत माझं मत पक्कं आहे: या पेशातली दारं माणसं उघडतात, आणि ज्या गावात असं माणूस नाही त्या गावातली पोरं नालायक ठरत नाहीत, त्यांना दार आहे हेच कळत नाही.

ताईंचं हे ऋण मी उघडपणे सांगू शकते. दुसरं एक ऋण आहे, ते त्याहून मोठं, आणि ते सांगायलाच बंदी आहे.

आम्ही ज्या अभ्यासावर होतो तो एच.पी.टी.एन. ०५२. नऊ देश, तेरा केंद्रं, १,७६३ जोडपी. भारतात केंद्रं पुण्याला आणि चेन्नईला. प्रत्येक जोडप्यात एकाला एच.आय.व्ही.ची लागण, दुसऱ्याला नाही. आमच्या भाषेत डिस्कॉर्डंट कपल. प्रश्न साधा होता. बाधित माणसाची प्रतिकारशक्ती अजून बरी असतानाच, म्हणजे रक्तातल्या सीडीफोर पेशी ३५० ते ५५० च्या दरम्यान असतानाच गोळ्या सुरू केल्या, तर जोडीदाराचा बचाव होतो का? त्या काळी गोळ्या उशिराच सुरू करायची रीत होती. निम्म्या जोडप्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना सीडीफोर उतरल्यावर. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरही ठरवत नव्हते, जोडपीही नाही. ती सोडतच असते. दोन्ही गटांना निरोध, समुपदेशन आणि तपासण्या सारख्याच. आणि नवराबायको दोघांनी ठरलेल्या तारखांना येऊन रक्त द्यायचं, वर्षानुवर्षं.

पुण्याच्या बायकांचं या विषयावरचं देणं त्याहीआधीचं आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास झाला, तो १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला, डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे पहिले लेखक. त्यातल्या ३९१ बायका देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक संसारी. त्यांच्यातही १३.६ टक्क्यांना लागण निघाली. नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध नसलेल्या बाईला हा आजार नवऱ्याकडून घरात बसून होतो, हे जगाला पुण्याच्या बायकांच्या रक्ताने सांगितलं. मी रुजू झाले तेव्हा ताईंनी पहिल्या आठवड्यात मला तो लेख वाचायला दिला आणि म्हणाल्या, “यातला प्रत्येक आकडा आपल्याकडे चालत आलाय, बसचं तिकीट काढून.”

अभ्यासात गोळ्यांची मोजणी असायची. दर फेरीला बाटली परत आणायची. आम्ही उरलेल्या गोळ्या निळ्या ट्रेमध्ये ओतायचो आणि चपट्या पट्टीने पाच-पाच करून बाजूला सारायचो. दिलेल्या किती, उरल्या किती, किती दिवस झाले, म्हणजे किती चुकल्या. एक बाई यायची, तिच्या बाटलीवर लेबल कधीच नसे. नखाने खरवडून काढलेलं. पुढे तर बाटलीही येईना. गोळ्या हिंगाच्या पिवळ्या डबीत. ट्रेमध्ये ओतल्या की सगळ्या खोलीत हिंगाचा वास. नियमाप्रमाणे गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात, दमट जागी नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. नवीन आलेली फार्मसिस्ट तिला ते सांगायला लागली, तेव्हा ताईंनी तिला हातानेच थांबवलं आणि बाईंना विचारलं, “घरात कोण कोण असतं?” सासू, दोन नणंदा, दीर. खोली एक. कपाट एक, त्याची किल्ली सासूकडे. हिंगाच्या डबीला मात्र फक्त तीच हात लावायची, कारण स्वयंपाक एकट्या तिच्याकडे. गोळी चुकली होती का? एकही नाही.

त्या दुपारी ताई मला म्हणाल्या, “हे लिही.” मला कळेना यात लिहिण्यासारखं काय. त्या म्हणाल्या, “गोळी का चुकते यावर सगळे लिहितात. ती चुकू नये म्हणून बाई काय काय करते, ते कोण लिहिणार?” मग आम्ही विचारत गेलो. तांदळाच्या डब्यात तळाशी, शिलाई मशीनच्या खणात, लेकराच्या दप्तरात, देव्हाऱ्याच्या मागे. एका बाईने मंगळसूत्राच्या रिकाम्या डबीत. त्याचा मी गोषवारा केला, पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष असा ठरलेल्या साच्यात, मोजक्या शब्दांत. संस्थेतल्या वरिष्ठांनी तो तपासला, दुरुस्त केला, परवानगी दिली. फाईलमधल्या एका कागदावर माझं नाव पेन्सिलीने पडलं: आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीची परिषद, रोम, जुलै २०११, शिष्यवृत्तीसह.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा शेजारचे सगळे दारात. आई सगळ्यांना सांगत सुटली की लेकीने काही केलेलं नाही, ती रोमला चाललीय. रोम कुठे आहे हे तिलाही माहीत नव्हतं. वडिलांनी डेपोच्या सोसायटीतून उचल घेतली आणि मला दोन चांगले ड्रेस आणि एक सूटकेस घेऊन दिली. त्या सूटकेसचे हप्ते ते निवृत्तीपर्यंत फेडत होते, हे मला भावाकडून पुढे कळलं.

रोमला जायच्या आधीच मे महिन्यात आमच्या अभ्यासाचा निकाल लागला होता. देखरेख समितीने एप्रिल अखेरीस आकडे पाहिले आणि ठरलेल्या मुदतीआधीच निकाल जाहीर करायला सांगितलं. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी एकूण २८. त्यातल्या २७ उशिरा गोळ्या मिळालेल्या गटात, लगेच गोळ्या मिळालेल्या गटात फक्त एक. म्हणजे ९६ टक्के बचाव. गोळी घेणारा स्वतः तर सावरतोच, त्याचा जोडीदारही वाचतो. १२ मे २०११ ला ही बातमी जगभर गेली. वर्षअखेरीस ‘सायन्स’ नियतकालिकाने तिला त्या वर्षातली सर्वांत मोठी वैज्ञानिक झेप म्हटलं.

रोमच्या सभागृहात अभ्यासाचे प्रमुख डॉ. मायरन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे मांडले तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मीही उभी होते, गळ्यात बिल्ला, डोळ्यांत पाणी. आणि मला त्या क्षणी देहूरोडच्या फलाटावरची एक बाई आठवत होती.

तिच्याबद्दल लिहिताना तपशील बदलले आहेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. नवरा गाडीवर, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून माल भरून लांबच्या खेपा करायचा. लागण त्याला होती, तिला नव्हती. सोडतीत त्यांना उशिराचा गट आलेला. ती राहायला आमच्याच बाजूला. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की बाहेर कुठे गाठ पडली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्यांनी हाक मारली तर बोलायचं, नाहीतर अनोळखी. तिने पहिल्याच भेटीत मला सांगून ठेवलं होतं, “ताई, गावात आपली ओळख नाही हां.” तेव्हापासून देहूरोड स्टेशनवर, बाजारात, विहाराच्या जत्रेत आम्ही कितीदा समोरासमोर आलो असू. तिने कधी नजर दिली नाही, मी कधी घेतली नाही. एकदा लोकलमध्ये गर्दीने आम्हाला एकमेकींना खेटून उभं केलं. आकुर्डी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी हातातल्या पिशवीकडे. त्याच आठवड्यात भोसरीत ती माझ्यापुढे बसून पोरांच्या शाळेचं, नवऱ्याच्या दारूचं, सगळं भडाभडा बोलली होती. एरवी ज्याच्या उपकाराखाली आपण असतो त्याच्या घरी दिवाळीला फराळ नेतो, लेकीच्या लग्नाला अगत्याने बोलावतो. माझ्या आयुष्यात ज्यांनी सर्वांत जास्त दिलं त्यांच्याकडे बघून मला हसताही येत नव्हतं, आणि तेच त्यांच्या हिताचं होतं.

रोमला जाण्याआधी सगळ्या जोडप्यांना बोलावून निकाल सांगितला गेला आणि ज्यांना अजून गोळ्या सुरू नव्हत्या त्यांना त्या देऊ केल्या गेल्या. तिला सांगायची पाळी माझी आणि ताईंची आली. ताईंनी आकडे बाजूला ठेवून सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. तिचं स्वतःचं रक्त शेवटपर्यंत निर्दोष राहिलं होतं. आता नवऱ्याला आजपासून गोळ्या. तिने आभार मानले नाहीत की रडली नाही. तिने विचारलं, “माझा धाकटा दीर पण तसाच आहे. तो काही तुमच्याकडे नव्हता. त्याला सरकारी दवाखान्यात आत्ताच सुरू करतील का? म्हणजे माझी जाऊ सुटंल.”

उत्तर ताईंना माहीत होतं, मलाही. सरकारी ए.आर.टी. केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून गोळ्या फुकट मिळत होत्या. पण सीडीफोर ठरावीक आकड्याखाली उतरल्यावर. दिराचा आकडा चांगला होता. म्हणजे त्याला थांबावं लागणार होतं, आणि जावेलाही. ताईंनी तसं सांगितलं, कसलीही मलमपट्टी न करता, आणि जावेला तपासणीला घेऊन या म्हणाल्या. ती म्हणाली, “मग आमच्यावर बघून काय उपयोग झाला, तो लौकर होऊ द्या.”

हे वाक्य मी रोमला घेऊन गेले. लिलाँग्वेच्या एक सहकारी माझ्या पोस्टरपुढे थांबल्या. आमच्या अभ्यासाची दोन केंद्रं मलावीत होती, लिलाँग्वे आणि ब्लँटायर. त्या नर्स होत्या. त्यांनी लेबल खरवडण्याचा भाग वाचला आणि मोठ्याने हसल्या, “आमच्याकडेही!” मग तासभर आम्ही बोलत बसलो. मलावीने त्याच वर्षी ठरवलं होतं की गरोदर बाईला लागण निघाली तर सीडीफोर न बघता जन्मभराच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या. सीडीफोर मोजायला पुरेशी यंत्रं नाहीत, प्रयोगशाळा लांब, मग मोजण्यापायी बाईला का थांबवायचं, हा त्यांचा साधा हिशोब. गरीब देशाने आधी पाऊल टाकलं, जगाने ते नंतर उचललं. मला तिथे जाऊन ते बघायचं होतं.

पण त्यासाठी पदवी लागणार होती. घर आमचं रेड झोनमध्ये. दारूगोळ्याच्या डेपोभोवती जी हद्द आखलेली आहे तिच्यात घर असलं की ते तारण ठेवून कर्ज मिळत नाही. देहूरोड, किवळे, तळवडे या पट्ट्यात कोणालाही विचारा. वडिलांची सारी कमाई त्या चार भिंतींत, आणि बँकेच्या लेखी तिची किंमत शून्य. ताईंच्या फाईलमध्ये त्याचाही कागद होता: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, २००३ पासूनची. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, दोन जामीनदार. वडिलांच्या डेपोतले दोघं जामीन राहिले, एक आमच्या जातीचा नव्हता, आणि त्याने ‘पोरगी परत नाही आली तर?’ असंही विचारलं नाही. २०१२ च्या सप्टेंबरात मी लीड्स विद्यापीठाच्या नफिल्ड सेंटरमध्ये आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात बसले. आजोबा तेव्हा हयात नव्हते. लीड्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुस्तकं भरपूर होती, थंडी होती, आणि वर्गात आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर-नर्सेस होत्या, त्यांच्याकडून मी अधिक शिकले.

तिथून लिलाँग्वे. रोममध्ये भेटलेल्या त्या बाईंनी जागा निघाल्याचं कळवलं. ताईंचीच बहीण म्हणायला हवी. मलावीत प्रत्येक रुग्णाकडे ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाची एक छोटी वही असते, तिच्यात सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी. बाया ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या कापडात खोचून आणतात. गोळ्यांच्या बाटल्यांवर भारताचं नाव वाचलं की मला घर आठवायचं. तिथल्या बायकांनाही मी भारतातली म्हणून फार जवळची वाटायचे, गोळी तुमच्याकडूनच येते ना, म्हणून.

सप्टेंबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, लागण कळली की सीडीफोर न बघता गोळ्या सुरू करा. भारताने हे धोरण एप्रिल २०१७ मध्ये लागू केलं. मी लिलाँग्वेतून ताईंना फोन लावला. त्या निवृत्त होऊन चिंचवडला राहत होत्या. मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “जावेचं विचारायला केलास ना?” जाऊ तोवर पॉझिटिव्ह आलेली होती. २०१३ मध्ये. आता गोळ्यांवर ठीक आहे, पोरगं निगेटिव्ह आहे. निकाल लागल्यापासून नियम बदलेपर्यंत सहा वर्षं गेली, त्या सहा वर्षांत ती सापडली. यात कोणा एकाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. औषधांचा पैसा, केंद्रं, माणसं, सगळं उभं करावं लागतं. पण मला कोणी विचारलं की तुमच्या पेशात शिकायचं काय, तर मी त्या जावेबद्दल सांगते. मला ज्या निकालाने रोम दाखवलं, लीड्सला आणि लिलाँग्वेला नेलं, तो निकाल देणाऱ्यांच्या घरात शेवटी पोचला.

२०१९ मध्ये मी परत आले. आता हे क्षेत्र पहिल्यासारखं राहिलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली, जुलैत त्यांच्या यू.एस.एड. या मदतसंस्थेचं कामच थांबलं. लिलाँग्वेतल्या माझ्या कितीतरी सहकाऱ्यांच्या नोकऱ्या एका आठवड्यात गेल्या. ज्या बाईंनी मला तिथे बोलावलं त्यांना आता मी भारतातल्या, जिनिव्हातल्या जागांच्या जाहिराती पाठवते. फाईल आता माझ्याकडे आहे. ताईंनीच दिली, नाडी बदलून. त्यांच्या काळातले कागद काढलेले नाहीत, नवे वर घातलेत.

रविवारी विकासनगरला एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये आम्ही बसतो. नर्सिंगच्या मुली, दोन आशाताई, एक लॅबमधला मुलगा. अर्ज, गोषवारे, शिफारसपत्रं, कोणत्या परिषदेला नोंदणी माफ आहे, कुठे ऑनलाइन भाग घेता येतो. परदेशी पैसा आटला तसा मी त्यांना देशातल्या संधींवर अधिक लक्ष द्यायला सांगते, आय.सी.एम.आर.च्या संस्था आहेत, राज्याचं आरोग्य खातं आहे, वढूला के.ई.एम.चं संशोधन आजही चालू आहे. एका गोष्टीतून मात्र मी कोणालाही सोडत नाही. गोषवारा पाठवण्याआधी वेगळ्या कागदावर लिहून द्यायचं: ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना निकाल कधी, कुठे आणि कोण सांगणार.

यंदा एका मुलीने चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामावर असलेल्या बायकांच्या रक्तक्षयाची पाहणी केली आहे. खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडी, एकेका खोलीत चार-चार जणी. तिने कागदावर लिहिलं होतं, ‘रविवारी सभा घेऊ.’ ताईंना फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “रविवारी त्या कामावर असतील, एम.आय.डी.सी.ची सुट्टी गुरुवारची.” तेव्हा सभा गुरुवारी, सकाळी पाणी भरून झाल्यावर, अकराला. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं आहे त्यांना बाकीच्यांसमोर वेगळं काढायचं नाही, सगळ्यांना चिठ्ठ्या सारख्याच द्यायच्या, हे ताईंनी दोनदा बजावलंय. त्या स्वतः येणार आहेत. चिंचवडहून त्यांना गाडीवर कोण आणणार, तेवढं ठरायचं आहे.